पेढीवरचा विम्याचा अभ्यास

दिवाळी सरली की खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची वर्दळ सुरू होते. १८७० साली जलंबहून येथवर आलेला लोहमार्गही या कापसाच्याच ओढीने आला. रुई आणि सरकीवर ज्यांचा संसार चालतो, त्या पेढ्यांना आगीची धास्ती नवी नाही. अशाच एका पेढीवरील बी.कॉम. झालेला नातू सध्या विम्याच्या परीक्षेची तयारी करीत आहे.

मुंबईची इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ही संस्था १९५५ पासून हे काम करते. तिच्या लायसेन्शिएट परीक्षेला ६० क्रेडिट गुण लागतात, असोसिएटशिपला २५० आणि फेलोशिपला ४९०. सायंकाळी दुकान वाढवून झाले की आजी सामायिकाला बसते आणि नातू पुस्तक उघडतो. तिची ४८ मिनिटे पूर्ण होईपर्यंत त्यानेही जागा सोडायची नाही, असा नेम पडून गेला आहे. आजोबांच्या मनात मात्र एक शंका होती : इतके शिकून मुलगा पेढी सोडून नोकरीला तर जाणार नाही?

एके दिवशी नातवाने त्यांना गणित घातले. गोदामात ४० लाखांचा माल, विमा २० लाखांचा, आगीत नुकसान १० लाखांचे, भरपाई किती?

"दहा लाख. विमा तर वीसचा आहे."

"पाचच, दादाजी."

विमा निम्म्या मालाचा असेल, तर उरलेल्या निम्म्याची जोखीम व्यापाऱ्याने स्वतःवर घेतली असे मानतात आणि नुकसानही त्याच प्रमाणात वाटले जाते. आजोबांनी तिजोरीतून पेढीची पॉलिसी काढविली. मालाचे भाव कितीतरी वाढले होते. विम्याची रक्कम जुनीच होती.

रक्कम वाढवायचे ठरले, तेव्हा दुसरा प्रश्न निघाला. गोदामाच्या एका कोपऱ्यात वर्षभरापासून शेजाऱ्याची रुई ठेवलेली होती. ते कळविल्यास हप्ता वाढेल, म्हणून वडील कचरत होते. नातवाने परम सद्भावाचे तत्त्व समजावून सांगितले. 'कार्टर विरुद्ध बोहम' या खटल्यात १७६६ साली इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सांगितले होते, की जोखमीविषयी जे एकाच पक्षाला ठाऊक असते, ते त्याने दुसऱ्यापासून लपवू नये.

आजोबा क्षणभर थांबले. "हे तर आपले सत्याणुव्रतच झाले. हप्ता वाढला तर वाढू द्या."

दुसऱ्याच दिवशी विमा कंपनीला पत्र गेले.

नातवाची परीक्षा अद्याप व्हायची आहे. आजोबा आता नोकरीचा विषय काढीत नाहीत. उलट आज कोणता धडा झाला, हे विचारतात. वहीपूजनाच्या दिवशी मालाची किंमत आणि विम्याची रक्कम शेजारी शेजारी मांडून पाहायची, असा नवा रिवाज त्यांनी घरात घातला आहे. तो प्रत्येक पेढीने उचलावा असाच आहे.