माहितीपत्रक हीसुद्धा अमानत

मार्च उजाडला की छापखान्यात शाळांची माहितीपत्रके येऊ लागतात. प्रवेश सुरू होण्याआधी ती घरोघरी पोहोचायला हवीत, म्हणून प्रत्येकाला घाई असते. आमच्याकडे तपासणीचे काम मी करते.

सुरुवात फोटोंपासून. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो मोबाईलवर छान दिसतो, पण कागदावर फुटतो. म्हणून मूळ फाइल मागवते, छापायच्या आकारात 300 डीपीआय भरेल अशी. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, कागदावरचे चार शाईंचे. त्यामुळे गणवेशाचा हिरवा रंग कापडाच्या तुकड्याशी ताडून पाहते. मशीन सुरू झाले की भिंग घेऊन बसते, कारण चारही रंग नेमके एकमेकांवर बसले नाहीत तर मुलांचे चेहरे दुहेरी दिसतात. मुखपृष्ठ 300 जीएसएमचे असेल तर घडीआधी क्रीज मारावी लागते, नाहीतर घडीवर शाई तडकते. उर्दू पुस्तिका उजवीकडून उघडते, म्हणून तिच्या पानांची जुळणी उलटी. फॉन्ट बिघडला की उर्दू अक्षरे सुटी होतात आणि मराठीचा रफार जागा सोडतो.

पण हे झाले डोळ्यांचे काम. मजकुराची तपासणी त्याहून अवघड. फोन नंबर, फी, 11 अंकी यू-डायस क्रमांक हे ताडून पाहता येते. दाव्यांचे काय?

एका शाळेने विज्ञान प्रयोगशाळेचा फोटो पाठवला. भिंतीवरचे प्लगसुद्धा आपल्याकडचे नव्हते. विचारले तर उत्तर आले, "बाजी, प्रयोगशाळा पुढच्या वर्षी होणारच आहे. सगळेच असे फोटो टाकतात." मी म्हटले, "मग 'पुढील वर्षी' असे छापू, हा फोटो नको." ते काम दुसऱ्या छापखान्यात गेले. हंगामातले मोठे काम होते. घरात दोन दिवस त्यावरच बोलणे चालले.

त्या दिवसांत मला धान्याच्या ढिगाची हदीस आठवत राहिली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात एका ढिगात हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. गुळगुळीत आर्ट पेपर म्हणजे वरचे कोरडे धान्य. शिवणकामावर घर चालवणारी आई तेच पाहून फी भरते. बिघडलेला फॉर्म पुन्हा छापता येतो. तिच्या मुलाचे वर्ष पुन्हा येत नाही.

म्हणून प्रूफवर मुख्याध्यापकांची सही घेताना मी दोन प्रश्न विचारते. रंग बरोबर आहे ना? आणि यात दाखवले आहे ते सगळे आज शाळेत आहे ना? दुसऱ्या प्रश्नावर काहीजण थांबतात, पेन्सिल मागतात आणि एखादी ओळ खोडतात. रोजी देणारा अल्लाह आहे. आपण फक्त वजनात खोट ठेवू नये.