वडिलांसाठी सायकल घेताना

म्हातारपणी माणसाला काय हवे, हे बहुतेक घरांत मुलेच ठरवतात. चष्मा, काठी, औषधांचा डबा, सगळे मुलांच्या पसंतीने येते. अशा घरात वडिलांनी "मला नवी सायकल घ्यायची आहे" म्हटले, तर आधी हसू होते आणि मग काळजी सुरू होते. आमच्या घरीही तेच झाले. अण्णांचे वय ७६. गुडघे कुरकुरतात, उजवा पाय पूर्वीसारखा वर उचलत नाही. आम्ही तिघा भावंडांनी एकमुखाने सांगितले, "अण्णा, रिक्षाने जात जा. पैसे आम्ही देतो." अण्णा म्हणाले, "पैशाचं नाही रे. रिक्षावाल्याला सांगावं लागतं, इथं थांब, तिथं थांब. सायकलला सांगावं लागत नाही."

वाचक बंधुभगिनींनो, हे बोलणे समजायचे तर थोडे मागे जावे लागेल. अण्णा औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आले ते १९६६ साली मिलिंद महाविद्यालयात शिकायला. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली इथे महाविद्यालय काढले, म्हणून खेड्यापाड्यांतल्या आमच्या वस्त्यांतली मुले नागसेनवनापर्यंत पोहोचली. त्याआधी गावाकडे शाळेला जायला अण्णांजवळ मामांची जुनी सायकल होती. वाट गावातून जायची. चावडी आणि मोठे वाडे आले की आपल्या माणसाने सायकलवरून उतरायचे, ती हातात धरून चालायचे आणि गाव मागे पडले की पुन्हा बसायचे, असा न लिहिलेला कायदा होता. अण्णा सांगतात, "उतरायची जागा ठरलेली. चिंचेचं झाड आलं की पाय आपोआप खाली यायचा." शहरात आल्यावर त्यांना कोणी 'उतर' म्हटले नाही. नोकरी लागल्यावर पगारातून पैसे साठवून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती काळी अ‍ॅटलास सायकल. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तेव्हा विद्यापीठाच्या गेटपर्यंत ते त्याच सायकलवर गेले होते.

त्या अ‍ॅटलासची चौकट अखेर गंजून तडकली. वेल्डिंग करून किती दिवस काढणार? तशी नवी मिळेल अशी अण्णांची आशा होती. पण अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला.

एका रविवारी आम्ही सगळे क्रांती चौकातून पैठण गेटकडे निघालो आणि वाटेतल्या एका सायकलच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने अण्णांकडे पाहिले आणि पोऱ्याला हाक मारली, "काकांना ती लेडीज दाखव." अण्णांचा चेहरा उतरला. "मला दांड्याची पाहिजे," ते म्हणाले.

आम्ही भाऊ गप्प राहिलो. बोलली ती धाकटी बहीण. "अण्णा, मी आठवीत असताना तुम्हीच मला बिनदांड्याची सायकल आणली होती. तिच्यावर बसून मी शिकले, नोकरीला लागले. तेव्हा ती हलकी नव्हती, मग आज कशी झाली? दांडा नाही तो साडी नेसणाऱ्यासाठी आणि पाय न उचलणाऱ्यासाठी. बाईमाणूस-बाप्यामाणूस सायकलला काय कळतं?" अण्णा हसले, पण ऐकून घेऊन गप्प बसणारे ते नव्हेत. म्हणाले, "दोन्ही चालवून बघतो."

आधी दांड्याची घेतली. चढणे कसेबसे जमले. चालवताना तर ते पन्नाशीचे वाटत होते. घोटाळा झाला तो उतरताना. उजवा पाय सीटवरून मागे काढताना टाच कॅरिअरला अडली, सायकल कलली आणि पोऱ्याने हँडल धरले. मग बिनदांड्याची घेतली. दुकानासमोर दोन फेऱ्या मारल्या, ब्रेक दाबला, सीटवरून पुढे सरकून दोन्ही पाय जमिनीवर टेकले. कोणी धरले नाही. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. असे तीनदा केले. "हीच बांधा," अण्णा म्हणाले.

त्या दिवशी आम्हाला जे कळले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो. वयस्कर माणसाची सायकल निवडताना ती पळते कशी, यापेक्षा तिच्यावरून उतरता कसे येते हे आधी पाहावे. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली असता गुडघा सरळ व्हावा, हे सीटच्या उंचीचे साधे माप. नवख्या किंवा थकलेल्या माणसाने सीट त्याहून थोडी खाली घ्यावी, म्हणजे थांबताना पाय टेकतात. मात्र फार खाली घेतली तर गुडघ्यांवर ताण येतो. हँडल सीटपेक्षा उंच असावे, म्हणजे पाठ ताठ राहते आणि मनगटांवर भार पडत नाही. सीट रुंद, स्प्रिंगची. टायर थोडे जाड, म्हणजे खड्ड्यांचे धक्के कमी बसतात. चेनकव्हर पूर्ण असावे, नाहीतर पायजमा अडकतो. ब्रेक बोटांनी सहज दाबला जातो का, हे वडिलांच्याच हाताने बघावे, आपल्या नव्हे. जुनी काळी सायकल वीस किलोच्या घरात जायची; पायरीवरून उचलायची असेल तर हलकी पाहावी. बॅटरीच्या सायकलीही निघाल्या आहेत. २५० वॅटपर्यंतची मोटार आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण वजन वाढते आणि चार्जिंगची आठवण ठेवावी लागते. अण्णांनी ती नको म्हटले. चक्कर, रक्तदाब, डोळे यांविषयी डॉक्टरांना आधी विचारावे. ते आम्ही विचारले होते.

पैसे अण्णांनी पेन्शनमधून दिले. आम्ही पुढे केलेला हात त्यांनी बाजूला केला. आरसा, घंटी आणि मागचा लाल दिवा एवढे आमच्याकडून घेतले.

राहिला प्रश्न रस्त्याचा. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या सायकल उपक्रमानंतर क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर सायकलींसाठी पट्टा आखला गेला. पण पट्टा आखला म्हणून मोटारवाला बाजूला होतोच असे नाही. आमचे घर उस्मानपुऱ्यात, अण्णांचे जाणे औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांकडे, आणि मध्ये क्रांती चौक: वर उड्डाणपूल, खाली चारी बाजूंनी वाहने. आम्ही धाकट्या नातवाला सोबत पाठवायचे ठरवत होतो. अण्णांनी विचारले, "चौकात उतरून सायकल हातात धरून गेलो तर चालेल का?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. या माणसाला उतरा असे सांगायला आमची जीभ रेटत नव्हती. ते म्हणाले, "अरे, तिथं मोटारींसाठी उतरतोय मी, माणसासाठी नाही. आणि मी ठरवलंय म्हणून उतरतोय."

आता रोज सकाळी ते सिग्नलच्या अलीकडे थांबतात, दोन्ही पाय टेकतात, उतरतात, चालत चौक ओलांडतात आणि पलीकडे पुन्हा बसतात. नातू सोबत जात नाही. ज्यांच्या घरी आई किंवा वडील सायकलचा हट्ट धरून बसले असतील, त्यांनी त्यांना एकदा दुकानात घेऊन जावे, चार सायकली चालवू द्याव्यात आणि उतरताना फक्त जवळ उभे राहावे. हँडल धरायची घाई करू नये.