धाकट्याचा डाव

उत्तरपत्रिका तपासण्याचे काम अंगावर घेतलेल्या प्राध्यापकाला रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसावे लागते, ही गोष्ट आमच्या घरात सर्वमान्य आहे. त्यामुळे या दिवाळीच्या सुट्टीत लागोपाठ तीन रात्री माझ्या खोलीतला दिवा एक वाजेपर्यंत जळत होता, याचे कोणालाही नवल वाटले नाही. चौथ्या रात्री मात्र पत्नी पाण्याचा तांब्या ठेवावयास आत आली. चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सुतळीसकट जसाच्या तसा आहे, आणि त्याच्यावर कोपरे टेकून मी एका लहानशा चकाकत्या पाटीत डोके खुपसून बसलो आहे, हे दृश्य तिच्या नजरेस पडले.

"कोणाचं आहे हे?"

"पोराचं," मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. तांब्या ठेवून निघून गेली. पंचावन्नाव्या वर्षी गुन्हेगारासारखे वाटण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत; तो त्या रात्री आला.

पोर म्हणजे माझा पुतण्या. धाकटा बंधू नोकरीनिमित्त पुण्यास असतो आणि दिवाळीला सहकुटुंब इकडे छत्रपती संभाजीनगरला येतो. या वेळी पुतण्याच्या पिशवीत निंटेंडो या जपानी कंपनीचे 'स्विच' नावाचे यंत्र होते. दोन्ही हातांत धरून खेळावयाचे, कंपनीने २०१७ साली काढलेले. त्यात नव्या खेळांबरोबर जुन्यांचाही संग्रह असतो. त्यांतलाच एक उघडून त्याने माझ्यापुढे धरला. "काका, हा बघा, सुपर मारिओ. पप्पा म्हणाले, तुम्ही हा फार खेळायचात."

त्यातला 'फार' हा शब्द मला किंचित टोचला. पण तो माझ्या बंधूचा होता, आणि बंधूला तो वापरण्याचा पुरेपूर अधिकार आहे. तो कसा, ते सांगावयाचे तर १९९२ सालात जावे लागेल.

त्या वर्षी मी मराठवाडा विद्यापीठात इंग्रजी घेऊन एम. ए. करीत होतो. विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ साली झाला आणि औरंगाबाद या शहराचे नाव २०२३ साली बदलले. तेव्हा माझ्या या आठवणींतल्या पाट्या आज शोधून सापडावयाच्या नाहीत. आमचे घर औरंगपुऱ्यात होते. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान असलेला बंधू त्या वर्षी सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत चमकला. शाईच्या पेनापलीकडे बक्षिसाची कल्पना कधी न गेलेल्या आमच्या वडिलांना काय वाटले कोण जाणे, ते गुलमंडीवरच्या एका दुकानातून व्हिडिओ गेम घेऊन आले. करड्या रंगाचा प्लास्टिकचा डबा, त्याला दोन वायरींनी बांधलेले दोन रिमोट, आणि एक पिवळी कॅसेट. मूळच्या जपानी यंत्राची ती नक्कल होती, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. कॅसेटवर हजारो खेळांचा आकडा छापलेला असे. प्रत्यक्षात आत पाच-सहा खेळ निघत आणि तेच निरनिराळ्या नावांनी पुन्हा पुन्हा भेटत. टीव्ही व्हिडिओकॉनचा होता, म्हणजे पैठण रस्त्यावरच्या चितेगावच्या कारखान्याचा. आमच्या गल्लीत त्याचा उल्लेख 'आपला टीव्ही' असाच होई.

अडचण एवढीच होती, की बक्षीस मिळाले होते धाकट्याला आणि खेळत होतो मी.

याला त्या खेळाची रचनाही थोडी कारण होती. मारिओ दोघांनी खेळावयाचा म्हटला, तर पहिल्याचा नायक मरेपर्यंत दुसऱ्याने वाट पाहावयाची. पहिल्याचा मारिओ तांबडा. दुसऱ्याचा लुइजी, म्हणजे मारिओचा धाकटा भाऊ, हिरवा. दुसऱ्या रिमोटवर तर खेळ सुरू करण्याचे बटणसुद्धा नव्हते. पहिला रिमोट थोरल्याने घ्यावयाचा, हे आमच्या घरात कोणी ठरविले नव्हते. ते ठरलेलेच होते. मी सवयीने तरबेज होत गेलो, तसतसा माझा मारिओ अधिकाधिक जगू लागला आणि बंधूचा डाव अधिकाधिक लांबत गेला. अर्धा अर्धा तास तो पलंगाच्या कडेला, माझ्या उजव्या हाताला, दुसरा रिमोट मांडीवर घेऊन बसे. त्याचा डाव आला की बहुधा अर्ध्या मिनिटात संपे, आणि रिमोट खाली ठेवून तो पुन्हा पाहू लागे.

खेळाविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कारण माझ्या वयाच्या पुष्कळ सद्गृहस्थांची अशी समजूत आहे, की तो मिशाळ नळकाम्याच्या उड्यांचा पोरखेळ आहे. हा खेळ जपानात १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाहेर पडला. त्याचा कर्ता शिगेरू मियामोतो. नायकाला मिशा का, तर त्या काळच्या पडद्यावरच्या मोजक्या ठिपक्यांत नाक आणि तोंड वेगळे दाखविता येईनात म्हणून. टोपी का, तर केस काढणे अवघड म्हणून. सबंध खेळ, त्यातली आठ जगे आणि प्रत्येकातल्या चार चार स्टेज, एवढे सारे चाळीस किलोबाइटांत बसविले आहे. आपल्या मोबाइलवरचे एक छायाचित्र याच्या कितीतरी पट जागा खाते. म्हणून आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप ही तेथे एकच आकृती आहे. एकदा पांढरी रंगविलेली, एकदा हिरवी. हे मला पुतण्याने दाखविले. कित्येक महिने त्या ढगांखालून मी धावलो होतो, आणि इंग्रजी काव्यातल्या प्रतिमा शोधण्याचा पगार घेत आलो आहे!

प्रारंभच पाहा. नायक पडद्याच्या डावीकडे उभा असतो, उजवीकडे सारे मोकळे असते. कोठे जावयाचे हे कोणी सांगत नाही. पण पाऊल आपोआप मोकळ्या बाजूस पडते. इतक्यात समोरून कपाळाला आठ्या घातलेली एक तपकिरी अळंबी चालत येते. स्वस्थ उभे राहिलात तर मरण. उडी मारलीत तर एक तर ती पायाखाली चिरडते, नाही तर डोके वरच्या प्रश्नचिन्हाच्या पेटीवर आपटून नाणे बाहेर पडते. पुढच्या एका पेटीतून दुसरी अळंबी निघते; ती उजवीकडे घसरत जाऊन नळावर आदळते आणि उलट आपल्याच अंगावर येते. पहिलीने पोळलेला माणूस हिलाही चुकवू पाहतो, पण बहुधा चुकवू शकत नाही. आणि तिचा स्पर्श होताच तो दुप्पट उंच होतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात मित्र, शत्रू, लोभ आणि भीती या चारही गोष्टी शिकवून झाल्या आणि शिक्षक एक अक्षर बोललेला नाही. मी तीस वर्षे बी. ए.च्या वर्गापुढे अखंड बोलत आलो आहे. असो.

आणखी एक नियम असा, की या खेळात मागे जाता येत नाही. आपण उजवीकडे सरकलो की पडद्याची डावी कड भिंतीसारखी मागून सरकत येते. राहिलेले नाणे राहिले, चुकलेली पेटी चुकली. त्यात आमच्याकडे वीज जात असे. खेळ जपून ठेवण्याची सोय त्या डब्यात नव्हती. सहाव्या जगापर्यंत मजल मारावी आणि पंखा मंदावत मंदावत थांबावा, की सारे राज्य गेले. वेळ शंभराच्या खाली आला की त्यातले संगीत भरधाव सुटते. आई ते स्वयंपाकघरातून ऐके आणि "आता मरेल, पानं घेते," म्हणून ताटे मांडावयास लागे. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

त्या उन्हाळ्यात मी चौथ्या जगाच्या किल्ल्यात अडकलो. तेथे भुयाराला वरचा आणि खालचा असे मार्ग फुटतात. चुकीचा धरला तर तेच भुयार पुन्हा पुन्हा समोर येते, आणि आपण पुढे चाललो आहोत असा भ्रम मात्र कायम राहतो. मी चार दिवस त्याच जागी धावत होतो. शेवटी उजव्या बाजूने आवाज आला, "दादा, इथून आपण आत्ताच गेलो होतो. हे अंधारीसारखं आहे."

अंधारी म्हणजे आमच्या देवगिरीच्या किल्ल्यावरची. शहरापासून पंधरा किलोमीटरवर दौलताबादेस जो डोंगर तासून सरळसोट केला आहे, त्याच्या माथ्यावर जावयाची वाट खंदक ओलांडून या काळोख्या, वळणावळणाच्या बोगद्यातून जाते. आत वाटेला फाटे आहेत, फसव्या जागा आहेत. शत्रूने काळोखात आपल्याच माणसांशी लढावे किंवा खंदकात जाऊन पडावे अशी ती योजना, असे वाटाडे सांगतात. वडिलांनी आम्हां दोघांना एकदा तेथे नेले होते. वाटाड्याने मध्येच टेंभा विझविला, तेव्हा माझ्या मनगटावर जी पकड बसली, ती धाकट्याची. पुढे कधीतरी वाचले, की हा मियामोतो लहानपणी क्योतोजवळच्या आपल्या सोनोबे गावच्या गुहा हातात कंदील घेऊन धुंडाळीत असे. ते वाचताना मला जपान आठवले नाही. वटवाघळांचा तो उग्र वास आठवला.

धाकट्याने सांगितलेल्या मार्गाने मी चौथ्या जगातून बाहेर पडलो. त्याचे श्रेय त्याला दिल्याचे मला स्मरत नाही. पुढे आठव्या जगाच्या पहिल्याच स्टेजवर माझी प्रगती कायमची थांबली. १९९३ साली मी एम. ए. झालो, नोकरीला लागलो, आणि तो डबा माळ्यावर गेला. आमच्या घरात कोणीही राजकन्येपर्यंत पोचले नाही, हे मी तेव्हापासून धरून चाललो होतो.

या दिवाळीत ते यंत्र हाती आले तेव्हा बोटांना पहिले दोन खड्डे आठवत होते, तिसरा आठवत नव्हता. शिवाय चष्मा. पुतण्याने थोडा वेळ माझे हाल पाहिले आणि दया येऊन म्हणाला, "काका, ही दोन बटणं एकदम दाबा." मी दाबली. खड्ड्यात पडलेला मारिओ खड्ड्यातून उलटा वर आला, हवेतून मागे मागे जात काठावर सुखरूप उभा राहिला. काळच मागे घेतला जात होता! ज्या खेळात एक पाऊल मागे टाकता येत नव्हते, त्यात आता मरणसुद्धा परत करता येत होते.

ही सोय मी वापरणार नाही, असे मी पहिल्या रात्री ठरविले. दुसऱ्या रात्री एका खड्ड्यापुरता अपवाद केला. तिसऱ्या रात्री मोजणे सोडून दिले. खरे सांगावयाचे तर त्याने खेळातली गोडी निम्म्याने कमी होते. पूर्वी प्रत्येक उडीपूर्वी पोटात जो खड्डा पडे, तो आता पडत नाही. पण पंचावन्नाव्या वर्षी माणूस गोडीपेक्षा मुक्कामाला अधिक मान देतो. चौथ्या रात्री, म्हणजे तांब्याच्या प्रसंगानंतर, मी आयुष्यात प्रथमच शेवटच्या किल्ल्यात शिरलो.

आणि तेथे ती दोन बटणे निरुपयोगी ठरली. तो किल्लाही चक्रव्यूह आहे. योग्य नळात उतरलो तरच वाट पुढे सरकते, नाही तर तेच ते. पडलो असतो तर मागे जाऊन सावरता आले असते. पण आपण नेमके कोठे चुकलो हेच ठाऊक नसेल, तर मागे जावयाचे तरी किती? अर्धा तास झाला. उंचावर एक नळ दिसत होता. माझी उडी तेथवर पोचत नव्हती.

"थांब," मागून आवाज आला. बंधू दारात उभा होता; पाणी प्यावयास उठला असावा. "डावीकडे घे थोडं. अजून. आता इथेच उडी मार."

"इथे काही नाही."

"मार तर."

मी उडी मारली. मोकळ्या हवेत मारिओचे डोके कशावर तरी आपटले आणि जेथे काही नव्हते तेथे एक पेटी उमटली. तिच्यावर चढून नळ सहज गाठता येत होता.

मी यंत्र खाली ठेवले. "तुला कसं ठाऊक?"

तो जरा ओशाळला. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, पुण्यास त्याच्या हाताखाली पन्नास माणसे आहेत. पण तो शिष्यवृत्तीवाल्या पोरासारखा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. "तुझी एम. ए.ची शेवटची परीक्षा होती ना, तेव्हा. तू पेपरला गेलास की आई दुपारी पडायची. आवाज बंद करून खेळायचो."

"म्हणजे तू राजकन्या सोडवलीस?"

"दोनदा. एकदा सोडवली की खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. फक्त त्या चालणाऱ्या अळंब्यांच्या जागी टणक पाठीचे भुंगे येतात. त्यांना गोळ्या लागत नाहीत."

हे भुंगे मी कधी पाहिलेले नव्हते. सकाळी पुतण्याला विचारले, तेव्हा त्याने ते खरे असल्याची ग्वाही दिली. पण त्या क्षणी मला पुराव्याची जरुरी वाटली नाही. त्या सबंध वर्षातले अर्धे अर्धे तास एकदम डोळ्यांपुढे आले: मी धावत होतो, आणि माझ्या उजव्या हाताला बसून कोणीतरी माझी प्रत्येक चूक नीट पाठ करीत होते.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू अजून पोचला नव्हतास ना," तो म्हणाला.

यावर काय बोलावे हे मला सुचेना. मी ते यंत्र त्याच्यापुढे धरले. तीस-बत्तीस वर्षांत प्रथमच, माझा मारिओ जिवंत असताना. त्याने ते घेतले नाही.

"तू खेळ. मी बघतो," असे म्हणून त्याने उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला, आणि माझ्या उजव्या हाताला खुर्ची ओढून बसला.

मी नळात उतरलो. पुढे पाणी लागते, हे त्याने मला सांगितले नव्हते.