तिन्हीसांजेचा पानशेत रस्ता

आमच्या सायकल ग्रुपबरोबर निघालं की नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर असते. हातभर अंतर राखायचं, कुणी हात खाली करून खड्डा दाखवला की तीच खूण मागच्याला करायची, ‘कार बॅक’ ऐकू आलं की डावीकडे सरकायचं. यात खरा आनंद आहे. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याची जवळपास एक तृतीयांश मेहनत वाचते. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेची मर्यादा असलेली लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पुरी करायची तर अशी सोबत मोलाची. पण पानशेतचा रस्ता मला कळला तो एकट्यानं, कामाच्या दिवशी, संध्याकाळी.

कार्तिकात निघावं. पाऊस सरलेला, खडकवासला धरणाचं पाणी काठाला टेकलेलं, शिवारात भाताची कापणी उरकत आलेली. सिंहगडाचा फाटा डावीकडे सोडला की गाड्यांची रांग तिकडे वळते आणि रस्ता एकदम मोकळा होतो. रविवारी पहाटे इथं आम्ही शहरातली माणसं असतो, हेल्मेटं आणि लुकलुकणारे दिवे घेऊन. संध्याकाळी रस्ता इथल्या माणसांचा असतो. मागे दुधाचे रिकामे कॅन लावलेली मोटरसायकल, गवताचा भारा डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका, आपापलं घर ओळखून वळणाऱ्या म्हशी. सगळे घराकडे निघालेले, आणि मी तेवढा घरापासून लांब चाललेला.

पंधरा जणांच्या ताफ्याशी कुणी बोलायला जात नाही, एकट्याशी बोलतात. खानापूरच्या अलीकडे एका टपरीवरच्या मावशी विचारतात, “आज एकलंच व्हय दादा? बाकीची मंडळी कुठं राहिली?” आणि उत्तर यायच्या आत चहाचं पातेलं स्टोव्हवर चढवतात. ग्रुपमध्ये चहा म्हणजे दहा मिनिटांचा थांबा. इथं कप रिकामा झाला तरी बूड हलत नाही.

पाणी उजव्या हाताला सोबत करतं. पलीकडचा काठ एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा. १९४९ साली तिथं प्रबोधिनीची पायाभरणी झाली आणि ती जमीन लष्कराकडे राहिली, म्हणून तिकडे झाडी टिकली. आपल्या बाजूला फार्महाऊस आणि हॉटेलांचे झगझगीत दिवे लागतात, तेव्हा त्या काठाचा बराचसा भाग काळोखात असतो. तो काळोख बघितला की बरं वाटतं. एवढ्या शांत पाण्यानं १२ जुलै १९६१ ला पुण्याचा नदीकाठ धुऊन नेला होता. बांधकाम चालू असलेलं पानशेतचं मातीचं धरण सकाळी फुटलं आणि तो लोंढा अंगावर आल्यावर खडकवासल्याची जुनी दगडी भिंतही टिकली नाही. पाणी गेलं ते याच खोऱ्यातून, मी ज्याच्या कडेनं पायडल मारतो त्याच.

सूर्य कलला की वारा पडतो आणि मग सुरू होते ती मजा चारचाकीतल्याला कधीच मिळायची नाही. हवा पट्ट्यापट्ट्यांची होते. डोंगर कापून काढलेल्या वळणावर काळा पत्थर दिवसभराचं ऊन साठवून बसलेला असतो. त्याच्या जवळून जाताना उजवा गाल थंड आणि डावा कोमट. शंभर-दीडशे फूट उतरून ओढ्यावरच्या मोरीशी आलं की उतारावरून घरंगळून साचलेला गारवा आधी पोटऱ्यांना लागतो, मग मनगटांना. चढ लागला की पुन्हा ऊब. मध्येच पेंढ्याचा गोड वास, मध्येच चुलीचा धूर, पुढच्या वस्तीवर भाकरी करपल्याचा. घड्याळातला वेग मी बघत नाही. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची कटकट ऐकू येते, तीही नको वाटली तर हळूहळू पाय फिरवत राहतो.

पूर्ण अंधारलं की रातवा येतो. दिव्याच्या झोतात डांबरावर आधी एक लालसर ठिणगी दिसते, तो त्याचा डोळा. पक्षी मातीच्याच रंगाचा, जमिनीला इतका चिकटलेला की बाजूनं गेलं तरी वाळलं पान वाटावं. कीटक टिपायला तो रस्त्यावर बसतो आणि मोटारीचा दिवा डोळ्यांवर आला की तसाच दिपून राहतो. चिरडलेला रातवा सकाळच्या राइडला आम्ही ‘खड्डा’ म्हणून चुकवत आलो असू. आता मी लांबूनच दिवा खाली करतो, थांबतो. तो फूटभर उडतो, पुन्हा बसतो, मग शेताकडे निघून जातो. त्याच्यासाठी थांबायला मागच्यांना ब्रेक दाबायला सांगावं लागत नाही, हे सुख मी कुणाला सहज देणार नाही.

ग्रुपचा परतीचा टप्पा ठरलेला असतो. माझा नसतो. कधी मालखेडला वळतो, कधी पाय म्हणतात म्हणून सोनापूरपर्यंत. परतताना सिंहगडावरच्या टॉवरचे लाल दिवे डोंगराआडून निघतात आणि त्यांच्या भरवशावर उरलेला रस्ता काटता येतो. खडकवासल्याच्या चौपाटीवर तोबा गर्दी असते. हॉर्न, पोरांची कलकल, शेगड्यांवरून उडणाऱ्या ठिणग्या. मी सायकल कठड्याला टेकवतो आणि कोवळं कणीस भाजायला सांगतो, लिंबू-तिखट अंमळ जास्त.