कातळाचं बालपण

आइसलंडच्या दक्षिण किनाऱ्यापासून बोटीने पाऊण तासाच्या आत हेइमाएइ नावाचं बेट लागतं. त्या बेटावर एल्डफेल हा डोंगर आहे. उंची सुमारे दोनशे मीटर. हा डोंगर माझ्याहून वयाने लहान आहे. आपल्याकडे डोंगर म्हणजे कायमचा. पणजीच्या पणजीनेही तो असाच पाहिलेला. हेइमाएइच्या गावात मात्र कुणालाही विचारा, डोंगराची जन्मतारीख सांगतात: २३ जानेवारी १९७३, रात्री दोनच्या सुमारास.

त्या रात्री गावाच्या पूर्वेला कुरणात जमीन उभी फाटली. दीड किलोमीटरहून लांब भेग आणि तिच्या संपूर्ण लांबीवर आगीच्या कारंज्यांची रांग. बेटावर ५,३०० माणसं झोपलेली होती. आदल्या दिवशी समुद्र खवळला होता, म्हणून मासेमारीच्या जवळजवळ सगळ्या बोटी बंदरात उभ्या होत्या. याला नशीब म्हणायचं नाही तर काय? सकाळपर्यंत जवळजवळ सगळं गाव बोटींतून पलीकडे पोचलं होतं. आमच्याबरोबर डोंगरावर आलेला वाटाड्या तेव्हा लहान होता. वडिलांनी त्याला पांघरुणासकट उचलून बंदरावर नेलं होतं. वाटेत कुणी ओरडत नव्हतं, धावत नव्हतं, सगळे चालत होते, हे त्याने दोनदा सांगितलं.

नंतरचे पाच महिने मात्र लढाईचे होते. राखेने आणि लाव्ह्याने जवळजवळ चारशे घरं गिळली. त्याहून मोठी भीती बंदराची होती. लाव्हा हळूहळू बंदराच्या तोंडाकडे सरकत होता. ते तोंड बुजलं तर मासेमारी संपली, आणि मासेमारी संपली तर या बेटावर राहायला कारणच उरत नाही. तेव्हा थोरब्योर्न सिगुरगेइर्सन या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं की समुद्राचं पाणी मारून लाव्ह्याचं तोंड गोठवावं, म्हणजे मागून येणाऱ्या लाव्ह्याला त्याचाच बांध होईल. ऐकायला ही कल्पना वेडगळ वाटते. पण पंप आले, नळ टाकले गेले, वरून जेमतेम गोठलेल्या आणि आत धगधगणाऱ्या लाव्ह्यावर चालत जाऊन माणसांनी ते नळ पुढे पुढे नेले. सुमारे ६० लाख घनमीटर समुद्र त्यांनी त्या आगीवर ओतला. लाव्हा थांबला. बंदराचं तोंड अरुंद झालं खरं, पण त्यामुळे ते आता वादळवाऱ्यात पूर्वीपेक्षा जास्त सुरक्षित आहे. ३ जुलैला उद्रेक संपल्याचं जाहीर झालं, आणि बहुतेक माणसं परत आली. छपरांवरची राख उपसून त्यांनी तिच्यातून विमानतळाची धावपट्टी वाढवली. थंड होत असलेल्या लाव्ह्याच्या उष्णतेवर पुढे कित्येक वर्षं घरं गरम केली. माझ्या मते जगातल्या कुठल्याही मोठ्या धबधब्यापेक्षा किंवा दरीपेक्षा ही गोष्ट जास्त थक्क करणारी आहे.

एल्डफेलच्या माथ्यावरची माती तांबडी आणि भुसभुशीत आहे. पाय घसरतो. वर एका कपारीत मी हात घातला तर आत ऊब होती. इतक्या वर्षांनंतरही. वाऱ्याने डोळ्यांतून पाणी काढलं होतं, कान बधिर झाले होते, आणि बोटांना मात्र डोंगराचं अंग लागत होतं.

मी सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढले. लहानपणापासून जो काळा दगड पायाखाली होता, ज्यात अजिंठा-वेरूळ कोरलं, ज्याचे चिरे रायगडाला लागले, तो सगळा एके काळचा लाव्हा आहे हे शाळेत पाठ केलं होतं. पाठ करणं आणि पटणं यांत किती अंतर असतं ते आइसलंडमध्ये कळलं.

दोन भूपट्ट इथे एकमेकांपासून दूर सरकतात: पश्चिमेला उत्तर अमेरिकेचा, पूर्वेला युरेशियाचा. वेग वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर. जगात बहुतेक ठिकाणी ही फाट समुद्राच्या तळाशी असते. इथे ती पाण्याबाहेर येते आणि तिच्यावरून चालता येतं. रेक्याविकहून तासाभरावर थिंगवेटलिर आहे. इसवी सन ९३० पासून आइसलंडच्या लोकांची सभा इथे उघड्यावर भरत असे, कायदे तोंडपाठ म्हणून दाखवले जात, आणि त्यासाठी त्यांनी निवडलेली जागा नेमकी या फाटीच्या कड्याखालची. कड्यावर आवाज आपटून घुमतो, म्हणून असेल. १७ जून १९४४ ला देशाने प्रजासत्ताक झाल्याची घोषणाही इथेच केली.

त्याच मैदानात सिल्फ्रा नावाची पाण्याने भरलेली भेग आहे. तिच्यात उतरता येतं. पाणी दोन ते चार अंश. अंगावर आतून कोरडा राहणारा जाड पोशाख, डोक्यावर रबरी टोपी, हातात मोजे. फक्त ओठ आणि गाल उघडे राहतात, आणि पहिल्या मिनिटात ते आपले उरत नाहीत. मग तोंड पाण्यात घातलं, आणि थंडीचा विसर पडला. खाली दिसणारा दगड किती खोल आहे याचा अंदाजच येईना. लांगयोकुल या हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्ह्याच्या सच्छिद्र थरांतून पन्नासेक किलोमीटर झिरपत इथे येतं आणि त्याला कित्येक दशकं लागतात. तेवढ्या गाळणीतून आलेल्या या पाण्यात शंभर मीटरच्या पलीकडचंही दिसतं. मी तरंगत नव्हते, दोन कड्यांच्या मधल्या हवेत लटकत होते. खाली निळाई गडद होत गेलेली, कडेला हिरव्याकंच शेवाळाच्या झिपऱ्या. तहान लागली तशी पोहता पोहताच पाणी प्यायले.

इथे अमेरिका आणि युरोपला एकाच वेळी हात लावता येतो असं पर्यटकांना सांगतात. ते अगदी तसं नाही. फाट म्हणजे एक रेघ नव्हे, कित्येक किलोमीटर रुंदीचा चिरफाळलेला पट्टा आहे, आणि सिल्फ्रा त्यातली एक चीर. मला खरी गोष्टच अधिक भव्य वाटली. जमीन ताणली जातेय, जागोजागी उसवतेय, आणि त्या उसवणीतून आत गेलेलं पाणी आपण पितोय.

तिथून दक्षिण किनारा धरून पूर्वेला निघालो. रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर बसाल्टचे पंचकोनी-षट्कोनी खांब एकमेकांना खेटून उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि त्या हळूहळू आत उतरत जातात. त्यातून हे खांब घडतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशीच घडली आहे, फक्त तिच्या भोवती इमारती दाटल्या आहेत आणि इथे अटलांटिक महासागर आहे. या समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं नाही. शांत दिसणाऱ्या पाण्यातून अचानक एखादी लाट वर येते आणि माणसाला ओढून नेते. असे जीव गेले आहेत.

पुढे रस्ता एका शेवाळलेल्या मैदानातून जातो. नजर पोचेल तिथवर उंचसखल, मऊ, राखाडी-हिरवं. डोळ्यांना इतकं गोजिरं की गाडी थांबवून लोळावंसं वाटावं. हे लाकीचं लाव्हामैदान. ८ जून १७८३ ला लाकीपाशी सत्तावीस किलोमीटरच्या रांगेत शंभरावर मुखं उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. सुमारे पंधरा घनकिलोमीटर लाव्हा बाहेर आला. पण माणसं मारली ती वायूंनी. गवतावर फ्लोरिनचं विष बसलं, ते खाऊन मेंढ्यांचे दात आणि हाडं वेडीवाकडी वाढली, बहुतेक मेंढ्या आणि निम्मी गुरं मेली, आणि मग दुष्काळ आला. देशातल्या पाच माणसांपैकी निदान एक दगावला. युरोपभर त्या उन्हाळ्यात गंधकाचं धुकं पसरलं होतं.

जवळच्या किर्क्युबाय्यारक्लाउस्तुर गावात योन स्टेइनग्रिम्सॉन नावाचे धर्मगुरू होते. लाव्हा गावाच्या दिशेने येत असताना, २० जुलैच्या रविवारी, त्यांनी लोकांना चर्चमध्ये जमवून प्रार्थना केली. बाहेर आले तेव्हा लाव्हा थांबला होता. लोक त्याला चमत्कार म्हणतात. मला योन मोठे वाटतात ते वेगळ्या कारणाने: त्यांनी सगळं लिहून ठेवलं. कुठल्या दिवशी आकाशाचा रंग काय होता, राख कशी होती, जनावरांना काय काय झालं. त्यांच्या नोंदी आजही ज्वालामुखीचे अभ्यासक उघडतात.

आता आपला हिशेब. लाकीचा पंधरा घनकिलोमीटर लाव्हा माणसाने पाहिलेल्या सर्वांत मोठ्या लाव्हापुरांपैकी एक. दख्खनच्या पठारावरचे काही एकेकटे प्रवाह हजार घनकिलोमीटरच्याही वरचे आहेत. आणि असे थरावर थर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, इतके की आजही ते पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले आहेत आणि पश्चिम घाटाकडे त्यांची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. ते शेवाळाचं मैदान ओलांडायला गाडीला बराच वेळ लागला, आणि त्या सगळ्या वेळात मी मनात ते शेकडोंनी गुणत होते. जमेना.

वात्नायोकुल हे बर्फाचं टोपण देशाचा जवळजवळ आठ टक्के भाग झाकतं, आणि त्याच्या खाली जागते ज्वालामुखी आहेत. १९९६ च्या शरदात बर्फाखाली उद्रेक झाला. वितळलेलं पाणी महिनाभर आतल्या आत साठलं आणि ५ नोव्हेंबरला एकदम सुटलं. घराएवढ्या हिमशिळा घेऊन आलेल्या त्या पुराने रस्त्यावरचा मोठा पूल नेला. त्या पुलाच्या पिळवटलेल्या पोलादी तुळया रस्त्याकडेला ठेवल्या आहेत. प्रत्येक गाडी तिथे थांबते. आम्हीही थांबलो. पलीकडचं काळं रेताड सपाट मैदान अशाच पुरांनी आणून घातलेलं आहे.

वात्नायोकुल मागे टाकून पूर्वेला जावं तसं जमिनीचं वय वाढत जातं. फाटीपासून दूर, म्हणजे आधी जन्मलेली आणि तेव्हापासून सरकत राहिलेली जमीन. पूर्वेकडच्या खाड्यांपाशी एका वळणावर गाडी आली आणि समोरचा डोंगर पाहून माझ्या तोंडून नकळत निघालं, “अरे, हा तर माळशेज!” पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले आडवे थर, मधूनमधून उभे कडे, कड्यांवरून सुटलेल्या पाण्याच्या बारीक धारा. आणि दोन काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा. हाच पट्टा आपल्या घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्यांत दिसतो. एक लाव्हा येऊन थंड झाला, पुढचा येईपर्यंत हवापाण्याने त्याचा माथा कुजून माती झाली, आणि नव्या लाव्ह्याखाली भाजून निघाली. तांबडा पट्टा म्हणजे दोन आगींमधली विश्रांती.

त्या विश्रांतीत जग वसत होतं. आइसलंडमध्ये अशा थरांमध्ये दबलेल्या जुन्या जंगलांचा कोळसा सापडतो. आणि मुंबईत, वरळीच्या टेकडीत, दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत. एकोणिसाव्या शतकापासून अभ्यासकांना ते ठाऊक आहेत. एवढ्या महापुराच्या मध्येच कुठेतरी तळं साचलं, त्यात बेडूक आले, अंडी घातली, पावसाळे काढले. वरळीवरून मी कितीदा गेले असेन.

टेइगारहोर्नला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. समुद्राकाठचा हा खडक झिओलाइटच्या स्फटिकांसाठी नावाजलेला आणि सरकारने राखलेला आहे. तिथून खडाही उचलायचा नाही. एल्डफेलच्या दगडात वायूच्या बुडबुड्यांची भोकं रिकामी होती, आजची. इथल्या दगडात तीच भोकं पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. गरम पाणी लाखो वर्षं झिरपत राहिलं की दगडाच्या जखमा अशा भरतात. नाशिक, जळगाव, पुण्याच्या खाणींतून निघणारे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत, सिन्नरला तर त्यांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. टेइगारहोर्नचा खडक सुमारे एक कोटी वर्षांचा. म्हणजे सह्याद्रीपुढे अजून पोरसवदाच.

तरी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. सह्याद्री ज्या आगीतून आला ती आइसलंडची नाही. भारताचा भूपट्ट उत्तरेला सरकत असताना खालच्या ज्या उष्ण ठिकाणावरून तो गेला, ते ठिकाण आता हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला, रियुनियन बेटाखाली आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. बहुतेक वर्षी तो एकदा तरी उफाळतो, आणि त्याचा लाव्हा कधीकधी रस्ता ओलांडून थेट समुद्रात पडतो. मला आता तिथे जायचं आहे.