सोपवासोपवी

कामं दुसऱ्यावर सोपवावीत आणि आपण महत्त्वाच्या कामाला लागावं, हा सिद्धान्त आमच्या घराण्यात जुना आहे. आमचे वडील घरातली झाडून सगळी कामं आईवर सोपवत आणि महत्त्वाच्या कामाला, म्हणजे वर्तमानपत्राच्या अग्रलेखाला, मोकळे होत.

यंदा हा सिद्धान्त आमच्या हिनं हाती घेतला. हिचं गाणं लग्नाआधी ‘मध्यमा पूर्ण’ला थांबलं होतं. निवृत्त झाल्यावर म्हणाली, आता विशारदला बसते. मग पोळ्यांना बाई आली. कपडे इस्त्रीवाल्याकडे गेले. भाजी निवडून, चिरून पिशवीतून येऊ लागली. पापडांचा प्रश्न तर १९५९ सालीच गिरगावातल्या सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सोडवून ठेवला होता.

पण तोडीचा गंधार लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून हाक येई, “ताई, कणीक किती भिजवू?” पाठोपाठ दारात इस्त्रीवाला. “वैनी, मागचे तीन शर्ट धरून चौदा कपडे.” मग फोन. “काकू, मेथी नाही, चवळई चालेल?” काम घराबाहेर गेलं, पण त्याची काळजी तानपुऱ्याशेजारी मांडी घालून बसलेलीच.

आता मुंबईच्या डबेवाल्यांचंच घ्या. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी हा धंदा सुरू केला आणि कचेरीतल्या साहेबांपासून कारकुनांपर्यंत सगळ्यांची सोय झाली. जगभर वाहवा झाली, आणि ती योग्यच आहे. पण डबेवाला दाराशी यायच्या आत डबा भरून तयार ठेवायचं काम? ते ज्या माउलीकडे होतं तिच्याकडेच राहिलं. तिला भेटायला परदेशातून कोणी आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

महिनाभर ही काही बोलली नाही. मग एका सकाळी तानपुरा जुळवता जुळवता म्हणाली, “अहो, एक काम तुमच्यावर सोपवते.”

“कुठलं?”

“लक्षात ठेवायचं.”

बस्स, एवढंच! ना उचलायचं, ना पुसायचं. तेव्हापासून माझ्या डोक्यात गिरणी सोमवारी बंद असते, बाईंना चतुर्थीला लवकर जायचं असतं, निळा शर्ट इस्त्रीला असतो आणि तूरडाळ डब्याच्या तळाला गेलेली असते. अग्रलेखाच्या दुसऱ्या ओळीपुढे मी गेलेलो नाही. हिची तोडी मात्र आता न थांबता पुढे जाते, हे मला भिंतीपलीकडूनही कळतं.

परवा भाजणी दळायला घेऊन गेलो. गिरणीवाल्यानं विचारलं, “काका, बारीक की जाडसर?” घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. मागे पाच डबे रांगेत होते.

“जाडसर,” मी ठामपणे म्हणालो.

त्यानं एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“वैनींना विचारलंत?”