उतारावरचा विवेक

ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतात, झिलर नदीच्या खोऱ्यात मायरहोफेन नावाचे गाव आहे. गावामागील पेंकेन पर्वतावर स्कीइंगचा एक उतार असून त्याला ‘हाराकिरी’ असे नाव दिले आहे. आत्मघाताचा अर्थ सांगणारा हा जपानी शब्द आपल्यासारख्या अहिंसाधर्मीयांच्या कानाला खटकतो. या उताराची तीव्रता 78 टक्के आहे. टक्के आणि अंश यांत पुष्कळांची गल्लत होते. बँकेत उमेदीचा काळ घालवल्यामुळे मी आधी हिशेब मांडला. आडवे 100 मीटर अंतर कापताना 78 मीटर खाली उतरावयाचे, म्हणजे कोन सुमारे 38 अंशांचा. घरातील नेहमीच्या जिन्याहूनही हा उतार उभा आहे, आणि पायऱ्यांच्या जागी आहे दाबून बसवलेला बर्फ. तो सपाट करणारे यंत्रसुद्धा वरच्या बाजूस पोलादी दोराने बांधून खाली सोडावे लागते.

या हिशेबाचे कारण घरातलेच होते. म्युनिकला राहणाऱ्या माझ्या मुलीचा चौदा वर्षांचा मुलगा लहानपणापासून स्कीइंग शिकतो. तेथे निळी खूण सोप्या उतारांना, तांबडी मध्यम आणि काळी सर्वांत कठीण उतारांना असते. काही काळे उतार सफाईने उतरल्यावर त्याला हाराकिरीचे वेध लागले. “बाबा, तुम्हांला काय वाटते?” असे मुलीने विचारले, तेव्हा माझ्यापाशी काळजीवाचून दुसरे उत्तर नव्हते.

मग मी त्या विद्येचे मर्म समजून घेऊ लागलो. तीव्र उतारावर भीतीने मनुष्य मागे, पर्वताकडे रेलतो. तेथेच घात होतो. भार मागे गेला की स्कीच्या कडांची बर्फावरील पकड सुटते. शरीराचा तोल दरीच्या बाजूस, बाहेरच्या पायावर ठेवावा लागतो आणि छोटी छोटी वळणे घेत वेग आवरावा लागतो. कठीण बर्फावर एकदा पडले, तर पायथ्यापर्यंत घसरत जाण्याचा धोका असतो. म्हणून खाली जाता येणे ही तेथील पात्रता नव्हे. हवे तेथे थांबता येणे ही पात्रता.

मागील हिवाळ्यात मी त्यांच्यासोबत पेंकेनवर गेलो होतो. प्रशिक्षकाने आधी तांबड्या उतारावर नातवाची परीक्षा घेतली. इशारा होताच थांबायचे, एवढीच. तो प्रत्येक वेळी थांबला. मी उपाहारगृहात मेथीच्या दशमीचा डबा उघडून वाट पाहत बसलो. तासाभराने नातू हिरमुसल्या चेहऱ्याने परतला. हाराकिरीच्या माथ्यावर प्रशिक्षकाने काठीचे टोक बर्फात रोवून पाहिले. रात्रीच्या थंडीने तो काचेसारखा टणक झाला होता. “आज नाही,” एवढेच म्हणून त्याने मुलाला सोप्या वाटेने माघारी आणले. कर्ज मंजूर करताना सर्वांचे चेहरे हसतात. पात्र माणसालाही ‘आज नाही’ म्हणण्यास धैर्य लागते, हे मी जाणतो. त्या अनोळखी गृहस्थाविषयी मला कृतज्ञता वाटली.

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने या खेळाला आचरणाचे 10 नियम घालून दिले आहेत. पहिला नियम असा की, आपल्या वागण्याने दुसऱ्याला धोका वा इजा होऊ नये. वेग स्वतःच्या कुवतीप्रमाणे आणि बर्फाच्या स्थितीप्रमाणे ठेवावा, हा दुसरा. मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडावा, हा तिसरा. वरून येणाऱ्याला खालचा दिसतो, खालच्याला वरचा दिसत नाही; म्हणून जबाबदारी वरच्याची. हे वाचताना मला ईर्यासमिती आठवली. चार हात भूमी पाहून, जीव सांभाळून पाऊल टाकणाऱ्या मुनींची साधना कोठे आणि करमणुकीचा खेळ कोठे, हे अंतर मला ठाऊक आहे. तरीही गती असेल तेथे सावधानता हवी, आणि प्रमाद हेच हिंसेचे दार, ही शिकवण त्या बर्फातही तितकीच खरी ठरते.

ज्या मुलाला केवळ उतरता येते, त्याच्यासाठी मी चिंता केली असती. थांबता येते, माघारीही फिरता येते, अशा मुलाला अडवण्याचे कारण मला दिसत नाही. नातू अजून हाराकिरी उतरलेला नाही. येत्या हिवाळ्यात बर्फ मऊ असेल आणि प्रशिक्षक ‘हो’ म्हणेल, त्या दिवशी त्याने अवश्य जावे, असे मी मुलीला कळवले आहे.